आलेला कागद कुठे ठेवला?

मेहकर–जालना रस्त्यावरचे आपले बीबी गाव. इथे काय, लोणार तालुक्यातल्या कोणत्याही गावात काय, एक प्रश्न हमखास ऐकू येतो. वकील, बँकेचे साहेब नाही तर तलाठी विचारतात, "बापू, तुम्हाला नोटीस आली होती ना?" आणि उत्तरही ठरलेले असते, "आली असन काई तं. पाहा लागन घरी."

मग घरी शोधाशोध सुरू होते. कपाटावर, देवघराच्या मागे, गादीखाली, पोराच्या दप्तरात. कागद सापडतो, पण तोवर त्यावरची मुदत संपलेली असते. किंवा सापडतच नाही. सुनेने रद्दीत घातलेला असतो, कारण त्यावर काय लिहिले आहे हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पूर्वी घरोघरी कागदाची तार असायची. खाली टोक वळवलेले, वर आकडा, आणि भिंतीच्या खुंटीला अडकवलेली. सोसायटीची पावती, सारा भरल्याची पावती, विजेचे बिल, पोस्टकार्ड, जे येईल ते त्या तारेत ओवले जाई. वर्षाअखेर तार उतरवली की घराचा सगळा हिशेब हाती येई. आता तार गेली आणि खिशात मोबाईल आला. निम्मे कागद टपालाने येतात, निम्मे मेसेजने, काही ई-मेलवर, तर काही व्हॉट्सॲपच्या गर्दीत. येणारे वाढले, पण ठेवण्याची जागा एक राहिली नाही. नुकसान होते ते इथे.

कागद वाचा न वाचा, मुदत चालूच

सांगायचा मुद्दा असा की, आजकाल घरी येणारे बरेचसे टपाल हे नुसती खबर नसते. त्याच्याबरोबर एक मुदत सुरू होते आणि ती तुमच्या सवडीसाठी थांबत नाही.

जमिनीचेच उदाहरण घ्या. खरेदीखत झाले, वाटणी झाली, वारस लागले की फेरफाराची नोंद गाव नमुना सहामध्ये घेतली जाते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे त्या नोंदीची प्रत चावडीवर लावावी लागते आणि ज्यांचा संबंध आहे त्यांना लेखी कळवावे लागते. हीच आपली नमुना नऊची नोटीस. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हरकत आली तर ती नोंद तक्रारी प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे सहा-अ मध्ये जाते आणि सुनावणी होते. कोणीच काही बोलले नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर आपल्याला अपिलात जावे लागते. जिल्हाधिकाऱ्यांपेक्षा खालच्या अधिकाऱ्याचा आदेश असेल तर अपिलाला साठ दिवस. पंधरा दिवसांत एका साध्या अर्जावर जे झाले असते, त्यासाठी पुढे प्रांताच्या कचेरीत खेटे घालावे लागतात.

दुसरे उदाहरण चेकचे. कृषी सेवा केंद्राला किंवा ट्रॅक्टरच्या हप्त्यापोटी दिलेला चेक वटला नाही, तर समोरचा नोटीस पाठवतो. ती मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले तर प्रकरण तिथेच मिटते. नाही दिले तर १८८१ च्या कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला उभा राहतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आठ-दहा हजारांच्या चेकसाठी कोर्टाच्या तारखा कोणाला परवडतात?

"घेतलंच नाही" म्हणून सुटका नाही

आपल्याकडे एक जुना समज आहे. नोटीस घेतली नाही म्हणजे ती लागू होत नाही. टपालवाला दारात आला की "मालक वावरात गेले" असे सांगायचे. काही शहाणे तर सांगतात, "सहीच नको करू, मग काय करते तो?"

हा समज महागात पडतो. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे कलम २७ असे सांगते की, बरोबर पत्त्यावर, तिकीट लावून, रजिस्टर टपालाने पाठवलेला कागद नेहमीच्या वेळेत पोचला असे धरले जाते. उलट सिद्ध करायचे काम ज्याला तो पाठवला त्याचे. पाकिटावर "घेण्यास नकार" किंवा "सूचना देऊनही नेले नाही" असा शेरा पडला तरी न्यायालये बहुधा नोटीस बजावली गेली असेच मानतात. म्हणजे घेतली नाही तर फायदा काहीच नाही. उलट आत काय लिहिले होते हेही कळत नाही आणि मुदत मात्र चालू राहते.

म्हणून पहिला नियम : कागद घ्या. सही करताना तारीख घाला. घेतला म्हणजे कबूल केला असे होत नाही. उत्तर देण्याचा हक्क शाबूत राहतो.

बँकेच्या नोटिशीने धसका घेण्याचेही कारण नाही. लोकअदालतीची नोटीस म्हणजे जप्ती नव्हे, ती तडजोडीची बोलावणी आहे. तडजोड मनाने करायची असते, मात्र एकदा निवाडा झाला की त्यावर अपील नाही. म्हणून आकडे घरी मांडून मगच जावे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कमी उत्पन्नाची माणसे यांना तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, हेही लक्षात असू द्या.

रजिस्टर टपाल बदलले

टपालखात्यानेही मधल्या काळात बरेच बदल केले. तार बंद झाली ती जुलै २०१३ मध्ये. १८९८ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा नवा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून लागू झाला. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. कोर्टकचेरीचा कागद म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रजिस्टर पाकीट येई. ते नाव आता एकटे राहिले नाही.

याचा आपल्याला अर्थ काय? साधे स्पीड पोस्ट पत्त्यावर पोचवले जाते. फक्त नाव असलेल्याच्या हाती द्यायचे असेल तर "नोंदणी" ही सोय वेगळी मागावी लागते. १ ऑक्टोबर २०२५ पासून त्याला दर पाकिटामागे पाच रुपये आणि वर कर आहे. ओटीपी सांगितल्यावरच पाकीट देण्याची सोयही त्याच दरात आहे. तेव्हा तहसीलला, बँकेला किंवा विमा कंपनीला अर्ज पाठवताना खिडकीवर स्पष्ट सांगा, "नोंदणीसह स्पीड पोस्ट." पावतीवरच्या क्रमांकाने ते कुठवर गेले हे मोबाईलवर पाहता येते. पावतीची शाई पुष्कळदा चार-सहा महिन्यांत पुसट होते. त्याच दिवशी झेरॉक्स काढून अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

पत्त्याची बाब क्षुल्लक वाटते, पण तिथेच घोळ होतो. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसाने, कारण एकाच नावाची गावे देशभर पसरलेली. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना तालुक्यातही बिबी आहे. घाटावरच्या आपल्या गावांचा पिन ४४३ ने सुरू होतो, तर खामगाव-शेगावकडे ४४४. तालुका लोणार, जिल्हा बुलढाणा आणि पूर्ण पिन लिहिलाच पाहिजे. कोणी सहा महिने ऊसतोडीला किंवा पुण्याला कामाला जाणार असेल, तर टपाल नव्या पत्त्यावर वळवण्याचा अर्ज पोस्टात देता येतो. निदान घराच्या शेजारच्याला सांगून तरी जा.

नोटीस येते आजोबांच्या नावाने

एवढे करूनही बऱ्याच नोटिशी पोचत नाहीत, कारण त्या ज्या माणसाच्या नावाने निघतात तो माणूसच हयात नसतो. सातबारावर अजून आजोबांचे नाव. नोटीस आजोबांच्या नावाने येते, टपालवाला "मयत" असा शेरा मारून परत पाठवतो, आणि पुण्यातला नातू किंवा सासरी गेलेली नात यांना पत्ताच नसतो.

याच दुखण्यावर "जिवंत सातबारा" ही मोहीम निघाली. ती आधी आपल्या बुलढाणा जिल्ह्यात राबवली गेली आणि मग १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर गेली. मयत खातेदाराच्या जागी वारसांची नावे लावणे हे तिचे काम. ही मोहीम केवळ जमिनीची नाही, टपालाचीही आहे असे आम्हाला वाटते. ज्याचे नाव सातबारावर, त्यालाच नोटीस, त्यालाच अनुदान, त्यालाच विमा. तुमच्या घरात अजून वारस लागले नसतील तर कागद येण्याची वाट पाहू नका. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन आपल्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जा. २०२४ पासून तलाठ्याचे हेच नाव झाले आहे. बहिणींची नावे टाळू नका. आज टाळलेले नाव उद्या कोर्टाची नोटीस होऊन येते.

मोबाईल तुमचा, नंबर कोणाचा?

आता मोबाईलकडे वळू. शेतकरी ओळख क्रमांक, पीएम किसान, महाडीबीटी, पीकविमा, अतिवृष्टीचे अनुदान, सगळीकडे मोबाईल नंबर लागतो. फॉर्म भरायला आपण सेवा केंद्रात जातो. गर्दी असते, आपला मोबाईल घरी राहिलेला असतो, रेंज नसते. मग केंद्रचालक म्हणतो, "काका, माझाच नंबर टाकू का?" आपणही हो म्हणतो. त्यात त्याचा वाईट हेतू असतोच असे नाही. पण पुढचे सगळे मेसेज त्याच्याकडे जातात. महाडीबीटीवर निवड झाल्याचा, कागदपत्रे जोडण्याची मुदत सांगणारा, ई-केवायसी बाकी असल्याचा. तो तरी शंभर जणांना किती फोन करणार?

नुकसानभरपाईचेच पाहा. राज्याने यादी लावायची, त्यात प्रत्येकाचा विशिष्ट क्रमांक म्हणजे व्हीके नंबर, तो घेऊन केंद्रात आधार प्रमाणीकरण करायचे आणि मग पैसे खात्यावर, अशी पद्धत गेल्या काही वर्षांत रूढ झाली. २०१९ च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेतही असेच होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर झाले, तेव्हा शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांना पुन्हा यादी आणि पुन्हा अंगठा. मदत मुंबईत जाहीर होते, पण ती घरात येते की नाही हे गावातल्या एका यादीवर आणि एका मेसेजवर ठरते.

ई-मेलचे त्याहून विचित्र. "आम्हाला कायचा ई-मेल?" असे आपण म्हणतो, पण मोबाईल सुरू करतानाच दुकानातल्या पोराने तो काढून दिलेला असतो. पासवर्ड त्यालाच ठाऊक. विम्याची पॉलिसी, मुलाचे परीक्षेचे प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचा कागद, शेतकरी उत्पादक कंपनीची सूचना, हे सगळे तिथे पडलेले असते. एका घराला एक ई-मेल पुरे. घरातल्या कॉलेजच्या पोराला किंवा पोरीला बसवा, पासवर्ड बदलून घ्या, स्वतःचा नंबर जोडा आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहून कपाटात ठेवा. आठ दिवसांतून एकदा उघडायचा, "स्पॅम" नावाचा कप्पाही पाहायचा, कारण कामाचा मेल कधी कधी तिथेच जाऊन बसतो.

खरा कोणता, खोटा कोणता

मेसेज वाचा म्हटले की दुसरी भीती येते ती फसवणुकीची. ती खरीच आहे. "पीएम किसान"च्या नावाने एपीके फाईल येते, ती उघडली की मोबाईलचा ताबाच दुसऱ्याकडे जातो. "तुमचे पार्सल पोस्टात अडकले, पत्ता भरा" असाही मेसेज येतो. यावर काही साध्या खुणा आहेत.

मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर असते. इंग्रजी जी म्हणजे सरकारी, टी म्हणजे व्यवहाराचा, एस म्हणजे सेवेचा आणि पी म्हणजे जाहिरातीचा. दहा आकडी साध्या नंबरवरून "सरकार" बोलत असेल तर संशय घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल कोणाचीही असो, उघडू नका. ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका. टपालवाला पाकीट घेऊन दारात उभा असेल आणि पाकीट ओटीपीचे असेल, तेवढाच अपवाद. फोनवर "तुम्हाला अटक झाली" म्हणणारा पोलीस खोटा. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, पोलिसांनी कलम ३५ खालची हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर देऊ नये. पैसे गेलेच तर घरी चर्चा करत बसू नका. लगेच १९३० ला फोन लावा.

शिळे मेसेज हाही एक प्रकार आहे. "एक रुपयात पीकविमा" हा मेसेज खरिपात अजून फिरतो. ती योजना राज्याने २०२३ च्या खरिपात आणली आणि २०२५ च्या खरिपापासून बंद केली. "नुकसान झाले की ७२ तासांत कळवा" हे २०२४ पर्यंत बरोबर होते. २०२५ च्या खरिपात राज्याने ते निकष काढून पीक कापणी प्रयोगावर भरपाई ठेवली. पुढच्या हंगामात नियम पुन्हा बदलू शकतो. म्हणून मेसेजवर तारीख आहे का ते पाहा. नसेल तर कृषी सहायकाला विचारल्याशिवाय पुढे धाडू नका.

घरची आवक-जावक वही

सरकारी कचेरीत कागद आला की आधी आवक रजिस्टरला चढतो. क्रमांक पडतो, तारीख पडते. मग आपल्या घरात अशी वही का नसावी? दोनशे पानी वही पुरे. रकाने असे आखा : आलेली तारीख, कोणाकडून, कसे आले (टपाल, मेसेज, मेल की हातोहात), विषय, शेवटची तारीख, काय केले. शेवटची तारीख लाल शाईने. मागच्या पानांवर जावक : आपण कोणाला काय दिले आणि पोच कुठे आहे.

कागदासाठी पाच पिशव्या किंवा फायली. जमीन, बँक व सोसायटी, योजना व विमा, वीज-पाणी-घरपट्टी, आणि कोर्टकचेरी. जमिनीचे कागद कधीच टाकायचे नाहीत. जाहिराती त्याच दिवशी चुलीत. नोटिशीचे पाकीट मात्र फेकू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का हा नोटीस कधी निघाली याचा पुरावा असतो. कामाचा मेसेज आला तर त्याचा फोटो काढून ठेवा आणि वहीत एक ओळ लिहा. मोबाईल हरवला तरी वही राहते.

ही वही कोणी लिहायची? घरात जो शिकतो आहे त्याने. रविवारी अर्धा तास. आणि म्हाताऱ्यांसमोर मोठ्याने वाचून. त्यात काही समजले नाही तर सोमवारी विचारायला कुठे जायचे तेही तिथेच ठरते.

गावकारभाऱ्यांना दोन शब्द

सगळे ओझे शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. फेरफाराच्या नोटिशी आता "आपली चावडी" या संकेतस्थळावर दिसतात, ही चांगली सोय आहे. पण गावातल्या किती जणांनी ते उघडून पाहिले? संगणकावर नोटीस लावली म्हणजे गावाला कळले, असे समजणे म्हणजे दवंडी न देताच ग्रामसभा भरवण्यासारखे आहे. ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी यांनी आठवड्याचा एक वार ठरवावा. त्या दिवशी नव्या नोंदी, अनुदानाच्या याद्या आणि मुदती कागदावर काढून चावडीच्या फळ्यावर लागाव्यात, मोठ्या अक्षरात, शेवटच्या तारखेसह. महसूल सेवकाने दवंडी द्यावी, नाही तर देवळाच्या भोंग्यावरून सांगावे. यादीत ज्यांचा नंबर सेवा केंद्राचा आहे अशी नावे वेगळी काढून त्यांचे नंबर दुरुस्त करून घ्यावेत. कोणी अर्ज आणून दिला तर पोच मागण्याची वेळ येऊ नये. शिक्का आणि सही आपणहून द्यावी. उद्या प्रकरण वर गेले तर तीच पोच अधिकाऱ्यालाही वाचवते.

आणि मेसेज मराठीत यावेत. इंग्रजीत आलेली मुदत न वाचताच पुसली जाते, त्यात शेतकऱ्याचा काय दोष?

पाऊस कधी पडायचा ते आपल्या हाती नाही, भाव काय मिळायचा तेही नाही. आलेला कागद कुठे ठेवायचा, एवढे तरी आपल्या हाती आहे. येत्या रविवारी तार शोधू नका, ती गेली. पोराच्या दप्तरातून एक कोरी वही मागून घ्या आणि पहिल्या पानावर आजची तारीख घाला.